बारा व्होल्ट

पाणी आणि करंटची भेट होऊ देऊ नका,
असं बत्तीस वर्षं सांगत फिरलो मी.
बोअरवेलच्या मोटारीपाशी अनवाणी उभ्या बाईला,
कूलरच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालणाऱ्या पोरांना.
मे महिन्यात तर दारोदार:
आधी बटन, मग पाणी.

आणि निवृत्तीच्या तिसऱ्या महिन्यात,
मानेवाड्याच्या दोन खोल्यांत, स्टुलावर बसून
मीच आपल्या हातानं
पेटलेली नळी पाण्यात सोडतो आहे.

हातभर लांब. दोन्ही टोकांना रबरी बुचं.
"बाराच व्होल्ट हाय काका," सक्करदऱ्याचा हेडाऊ म्हणाला,
"मासोळीले गुदगुल्याही नाही होत."
तरी टेस्टर लावला.
स्लिपर घातली.
डावा हात पाठीमागे धरला, शिकवला होता तसा,
आणि उजव्या बोटाची मागची बाजू
पाण्याला लावली.

काही नाही. कोमट.

वरून ट्यूब होती तेव्हा पान नुसतं हिरवं दिसायचं.
आतून उजेड आला तर त्याच्या शिरा दिसल्या,
कडेला गोगलगाईनं कुरतडलेली नक्षी,
मुळांना लटकलेला वाळूचा एक कण.
गप्पी माशाच्या पोटातून तर
आरपार दिसतं, काय खाल्लं सकाळी.

हौसेनं चौदा तास पेटवली.
पंधरा दिवसांत काचेवर शेवाळ,
पानांवर म्हाताऱ्याच्या कानातल्यासारखे केस.
हेडाऊ हसला.
"झाडाले झोपू द्या ना जरासं.
तुमच्या खात्यानं नाही का भारनियमन केलं आमच्यावर?
तसं करा."

ज्या शब्दापायी चौकाचौकात
आईबहिणीवरून शिव्या खाल्ल्या,
तो आता मी एका काचेच्या पेटीला लावतो.
दुपारी सेहेचाळीस डिग्री, सगळं बंद,
पेटीवर ओलं फडकं, पाण्यात बर्फाची बाटली.
संध्याकाळी सहाला उजाडतं तिथं.

नऊच्या सुमाराला पानांच्या कडांवर
मोहरीएवढे बुडबुडे धरतात.
एक सुटतो. थांबून दुसरा.
कौसल्या भाजी निवडता निवडता म्हणते,
"श्वास घेऊन राहिले पाहा."
मी मान हलवतो.
तिला सांगितलेलं नाही मी

नंदनवनच्या तळघराचं.
जुलै होता, गुडघाभर पाणी,
आणि रामरतन उईके उतरला
कारण मेन बंद आहे असं मीच वरून ओरडलो होतो.
बंद होता. खरंच बंद होता.
शेजारच्यांनी जनरेटर जोडलाय
हे कुणी बोललं नव्हतं.
पाण्यात खाली पिवळा उजेड हलत होता.
मला वाटलं, त्याची बॅटरी आहे.

चौकशीत लिहून दिलं: मेन बंद.
उजेडाचं कुणी विचारलं नाही,
मी लिहिलं नाही.

काल रात्री साडेअकराला लाइट गेली.
कूलर घरघरत थांबला, मागच्या गल्लीत पोरं ओरडली,
माझा हात आपोआप खुंटीकडे गेला, पक्कड होती तिथे.
"बसा ना," कौसल्या म्हणाली, "आता पोरं हायेत डिपीवर."

बसलो. पेटी काळीभोर.
कान देऊन ऐकलं तर वाटलं,
अजून एखादा बुडबुडा वर येऊन फुटतोय,
दिवसभराचा उरलेला.
किती वेळ गेला कोण जाणे.
अंधारातच म्हणालो,
"रामरतन नावाचा एक होता माझ्या गँगमध्ये."
ती म्हणाली, "ठाऊक आहे. झोपेत बोलता तुम्ही."

मग वीज आली.
पेटी आतून एकदम हिरवी झाली,
मासे दचकून एका कोपऱ्यात.
मी उठलो. वेळ व्हायची होती अजून,
तरी आधी बटन बंद केलं.
मग पाण्यात हात घातला, मनगटापर्यंत,
आणि एक सडकं पान काढून आणलं बाहेर.